‘तुम्हाला आधी कळलं कसं नाही?’

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी विचारलं होतं, की समुपदेशन केंद्रात जाऊन आलेला माणूसही दोन दिवसांनी जीव देत असेल, तर ही केंद्रं हवीत कशाला? तिथल्या तज्ज्ञांना आधी कळलं कसं नाही? पत्र रागाने लिहिलेलं होतं. तो राग मला परका नाही, म्हणून उत्तर लिहायला बसले.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गेली अकरा वर्षं अशा केंद्रात काम करते जिथे आधी वेळ घ्यावी लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. दार ढकललं की आत. (खाली दिलेल्या प्रसंगांतले तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.)

प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर, कळत नाही. 2017 साली जोसेफ फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागच्या पन्नास वर्षांतले 365 अभ्यास एकत्र करून तपासले. कोण जीव देईल हे आधी सांगण्यात आपण नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम पुढे आहोत, आणि पन्नास वर्षांत त्यात सुधारणाही झालेली नाही, असं त्यांना दिसलं. आमच्या व्यवसायाला हे ऐकायला बरं वाटलं नाही. नातेवाईकांना तर मुळीच वाटत नाही. ते म्हणतात, ‘मॅडम, आता धोका नाही असं लेखी द्या.’ मी देत नाही. पूर्वी आमच्याकडेही ‘मी जिवाचं बरंवाईट करणार नाही’ असं लिहून घेऊन खाली सही घ्यायची पद्धत होती. त्या सहीने कुणी वाचल्याचा पुरावा मिळालेला नाही. सही घेणाऱ्याला रात्री झोप लागायची, एवढाच काय तो उपयोग.

मग आम्ही करतो काय?

आलेल्या माणसाला आधी पाणी आणि चार्जर देते. हसू नका. घरातून तिरीमिरीत निघालेल्या माणसाचा फोन जवळजवळ नेहमीच बंद पडलेला असतो, आणि ज्यांना फोन करावासा वाटेल त्यांचे नंबर त्यातच असतात. माझ्या खोलीत तीन प्रकारचे चार्जर आहेत. ते मी माझ्या पैशांनी आणलेत. दोन्ही खुर्च्यांवरून दार दिसतं आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याची वाट अडवत नाही. कागदी रुमालांचा डबा हाताशी असतो, पण मी तो पुढे सरकवत नाही. सरकवला की माणसाला वाटतं, रडणं आवरा असं सांगतायत.

मग झोपेचं विचारते. शेवटची सलग झोप कधी लागली होती? याला उत्तर देणं सोपं जातं, आणि त्या उत्तरातून बरंच कळतं.

त्यानंतर तो प्रश्न. इथे जरा थांबते, कारण घराघरांत तो चुकीचा विचारला जातो. ‘तसलं काही मनात नाही ना?’ त्या शेवटच्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरच्याला कळतं, की या माणसाला ‘नाही’ ऐकायचंय. तो ‘नाही’ म्हणतो आणि दोघंही सुटतात. शिकाऊ मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा पहिला आठवडा मी फक्त हा ‘ना’ काढायला लावते. ‘आयुष्य संपवावं असं मनात येतं का?’ एवढं वाक्य, शब्द न गिळता, डोळे न वळवता. निम्म्यांचा आवाज ‘संपवावं’वर बारीक होतो. मग पुन्हा. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल ही भीती शिकलेल्या लोकांनाही वाटते. पण 2014 साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात विचारण्याने असे विचार वाढल्याचं दिसलं नाही. झालाच तर भार थोडा हलका होतो. माझा अनुभव तोच आहे. कितीतरी जण हा प्रश्न ऐकल्यावर पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसतात.

अर्थात येणारा प्रत्येक जण त्याच कारणाने येतो असं नाही. दारू एकाएकी सोडून दोन-तीन दिवस झालेला, हात थरथरणारा, भिंतीवर काहीबाही दिसणारा माणूस माझ्याकडे आला, तर मी बोलत बसत नाही, रुग्णवाहिका बोलावते. तो शरीराचा धोका आहे. कालपर्यंत ठीक असलेल्या आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर आधी लघवीचा संसर्ग आणि रक्तातलं सोडियम तपासायचं, मन नंतर. छातीत कळ आली तर आधी ईसीजी.

पण ज्यांच्याबद्दल त्या वाचकांनी लिहिलंय, त्यांच्यासोबत आम्ही एक कागद करतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याची रीत घालून दिली. पुन्हा तशी लाट येईल तेव्हा आधी काय जाणवेल, एकट्याने काय करता येईल, कुणाजवळ जाऊन बसता येईल, मदत कुणाकडे मागायची, जे हाताशी असल्याने भीती वाटते ते कुणाच्या ताब्यात द्यायचं. हे मी लिहीत नाही. ज्याचं त्याने, आपल्या अक्षरात, आपल्या शब्दांत लिहायचं. मध्यंतरी एका बाईंनी मदतीच्या ओळीत ‘भाऊ’ लिहिलं. पेन तसंच टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग ‘भाऊ’ खोडून ‘वहिनी’ लिहिलं. मी कारण विचारलं नाही. त्या आपणहून म्हणाल्या, ‘तो उपदेश करेल. ती नुसती येईल.’ त्याच खोलीतून वहिनींना फोन लावला आणि झोपेच्या गोळ्यांची बाटली आजपासून त्यांच्याकडे राहील असं ठरलं. पाऊण तास गेला. ‘नुसतं बोलणं’ म्हणतात ते हे.

आता माझ्या रागाबद्दल. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. निघताना हसले, आभार मानले. मी नोंदीत लिहिलं, ‘शांत’. पुढचे दोन दिवस केंद्राला सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे धाकटे भाऊ समोर येऊन बसले आणि त्यांनी हेच विचारलं, अगदी याच शब्दांत. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. ते चाळीस मिनिटं बसून होते, हे आठवतं.

त्या दोन दिवसांत मी किंवा दुसऱ्या कुणी फोन केला असता तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही; भाकीत करता येत नाही हे वर मीच लिहिलंय. पण फोन झाला नाही, हे खरं आहे. आणि फोनाचा उपयोग होतो हेही ठाऊक आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या तातडीच्या विभागांत हा कागद आणि त्यानंतर विचारपूस करणारे फोन अशी जोड देऊन पाहिली. 1640 जणांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पुढच्या सहा महिन्यांत नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 5.29 टक्के लोकांत आत्मघाताशी संबंधित वर्तन दिसलं, कागद आणि फोन मिळालेल्यांत 3.03 टक्के. त्याही आधी, 1970च्या आसपास, सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या 843 जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना अधूनमधून चार ओळींची पत्रं पाठवली. कशी आहे तब्येत, एवढंच. उलट काही मागणं नाही. पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातल्या आत्महत्या स्पष्टपणे कमी होत्या. पोस्टाच्या तिकिटाइतका स्वस्त उपाय.

आणि आमच्याकडे काटकसर सुरू झाली की पहिली कात्री याच फोनांना लागते. कारण अहवालात मोजली जातात ती दारातून आत आलेली माणसं. बाहेर गेलेल्या माणसाला केलेल्या फोनाला रकानाच नाही. गेल्या वर्षी फोन करणाऱ्या मुलीची जागा रद्द झाली. तेव्हापासून आम्ही तिघं ते काम चहाच्या सुट्टीत, आपापल्या डायरीत नावं लिहून करतो. त्या वाचकांना माझी विनंती आहे, की राग कायम ठेवावा, फक्त प्रश्न बदलावा. ‘आधी कळलं कसं नाही’ऐवजी ‘दुसऱ्या दिवशी फोन कुणी केला’ हे विचारावं, आणि जिथे या केंद्रांचा खर्च मंजूर होतो तिथे विचारावं.

आपल्यालाही एक विनंती, संपादक महोदय. परीक्षेत नापास झाला म्हणून, प्रेमभंग झाला म्हणून, असं एकाच कारणाचं शीर्षक देऊ नका. दुसऱ्या दिवशी ते कात्रण घडी घालून खिशात ठेवलेला कुणीतरी माझ्यासमोर बसलेला असतो.

उद्याच्या डायरीत सात नावं आहेत. त्यातल्या एकांना दहाच्या आत फोन केलेला आवडत नाही, एक जण उचलतात, ‘आहे’ म्हणतात आणि ठेवून देतात. पत्रलेखकांना केंद्र पाहायचं असेल तर मंगळवारी दुपारी यावं, गर्दी कमी असते. वेळ घ्यायची गरज नाही.

आपली,
एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. कृपया छापू नये.)