ती मधेच बोलते तर बोलू दे

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर म्हणालास ना, की रात्री पुस्तक उघडलं की लेक दर पानावर अडवते, मधेच काहीतरी बोलत बसते आणि गोष्ट संपतच नाही. तेव्हा गडबडीत होतो, पण ते डोक्यातून गेलं नाही म्हणून आज निवांत लिहितोय. तिला बोलू दे रे. गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल, खरंच.

आमच्याकडे उलटं होतं, मीच सारखा विचारायचो. हा कोण, ससा. रंग कुठला, पांढरा. पक्षी किती, मोज बघू. पण ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहितीये ते विचारलं की पोरांना लगेच कळतं की ही परीक्षा चाललीये. मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हा, दोन-तीन प्रश्न झाले की पुस्तक मिटून कूस बदलायचा.

मग एका रात्री एका खारीची गोष्ट वाचत होतो, खार नवीन झाडावर राहायला जाते आणि सगळे प्राणी तिचं सामान उचलून नेतायत. त्याने पानाच्या अगदी कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एवढीशी गोगलगाय होती, गोष्टीत तिच्याबद्दल एक शब्द नाही. "ही का नाही चालली?" मी म्हणणार होतो की अरे ते नुसतं चित्र आहे, पण म्हटलं, "मला पण नाही माहीत, तुला काय वाटतं?" आणि गप्प बसलो. तो नखाने त्या गोगलगायीवर घासत राहिला, मला वाटलं विसरला बहुतेक, आणि मग हळूच म्हणाला, "तिला कुणी ये म्हणालंच नाही." दुसऱ्या दिवशी कळलं की खेळताना मुलं त्याला आठवडाभर बाजूलाच ठेवत होती. घरात एका शब्दाने बोलला नव्हता.

ते गप्प बसणं आपल्याला सगळ्यात जड जातं बघ. मेरी बड रोव नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गात मोजून पाहिलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबायचे, आणि तेच 3 सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब व्हायची, जी एरवी गप्प असतात तीही बोलायला लागायची. 3 सेकंद म्हणजे काहीच नाही, पण मनात मोजून बघ, किती लांब वाटतात ते.

आणि ती जे बोलेल त्यातच थोडी भर घाल. ती म्हणाली "भूभू पळाला", तर "हो, भूभू घाबरून पळाला, आता कुठे लपेल?" एवढंच. 1988 मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 ते 3 वर्षांच्या आसपासच्या पोरांच्या आईवडलांना असंच वाचायला शिकवलं, दुसऱ्या गटातले आईवडील नेहमीसारखंच वाचत होते, दोन्हीकडे वाचन तेवढंच, फरक फक्त असं बोलण्याचा, आणि एका महिन्यात ही मुलं बोलण्यात बरीच पुढे गेली. मला यातलं हे फार आवडतं की नवीन पुस्तकं आणायची गरजच नाही, तेच तेच फाटकं पुस्तक रोज मागत असेल तरी वाच, तिसऱ्या-चौथ्या वेळी तर ती जास्त बोलते.

हां, एक सांभाळ. लांडगा दाराआड लपलाय हे आपण चित्रात बघतो, पण सशाला ते माहितीये का असं विचारलंस तर ती बहुतेक "हो" म्हणेल. चार वर्षांच्या आतल्या बऱ्याच मुलांना अजून हे उमगत नाही, की आपल्याला दिसतं ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं. चूक म्हणून दुरुस्त करू नकोस, सहा महिन्यांनी त्याच पानावर परत विचार. आणि शेवटी "मग या गोष्टीतून काय शिकलीस" हे तर अजिबात नको, त्या एका प्रश्नाने सगळी गोष्ट विझते.

आज रात्री एकच पान उघड, वाचू नकोस, आणि तिला विचार की इथे तुला कोण आवडतं, मग थांब. ती काय म्हणाली ते तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठव, मी वाट बघतोय.

तुझाच,
जुना दोस्त