कुळथाचं पीठ जास्त पाठव

दोहा, २१ सप्टेंबर

ती. आई व आप्पांस शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोन आला की आई स्पीकर लावते आणि अर्धी वाडी ओटीवर जमते. त्यात काय बोलणार? माझ्या खोलीतला एक जण सुट्टीवर चिपळूणला निघालाय, त्याच्याकडे हे आणि खजूर देतोय. परत येताना त्याच्याबरोबर आमसुलं आणि कुळथाचं पीठ पाठव. पीठ जरा जास्त. असंच, पिठी खावीशी वाटतेय.

मी मजेत आहे. आप्पा, तुम्ही परवा पुन्हा विचारलंत, "तिकडं माणसं उन्हानं पडतात म्हणे?" अहो, मी दवाखान्यात आहे, बांधकामावर नाही. दिवसभर एसीत. इतका, की माझंच ड जीवनसत्त्व कमी निघालं. वाळवंटात राहून ऊन कमी पडतंय म्हणजे बघा! शिवाय १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम सरकारनंच बंद ठेवलेलं असतं. त्याची मुदत गेल्या आठवड्यात संपली, पण हवा अजून भट्टीसारखीच आहे.

इथली एक गंमत सांगतो. उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद करतो आणि गरम पाण्याच्या नळाखाली गार पाण्यानं अंघोळ करतो. आई, थांब, नीट सांगतो. टाकी गच्चीवर, ती दिवसभर तापते, म्हणून निळ्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. गीझर मात्र घरात, सावलीत. त्याचं बटण बंद ठेवलं की आत साठलेलं पाणी हळूहळू निवतं आणि लाल नळातून बरं पाणी येतं. फक्त एका बादलीपुरतं. दुसऱ्या माणसानं तासभर थांबायचं. नव्या पोराला हे कोणी सांगत नाही. तो निळा नळ सोडतो आणि ओरडतो. मीही ओरडलो होतो.

दवाखान्यात येणारे नेपाळी, बंगाली, तेलंगणाचे, कधी खेड-मंडणगडचेही. कंबर, गुडघे, सिमेंटनं भेगाळलेले हात, धुळीनं लाल झालेले डोळे. चाळिशी न गाठलेल्यांनाही शुगर आणि बीपी. गावाहून आणलेल्या गोळ्या संपल्या की औषध बंदच. सगळ्यांना सुई हवी असते, आजारपणाच्या रजेचा कागद मात्र नको. कागद घेतला की ओव्हरटाइम बुडतो. आणि मुतखडा तर इथं सर्दीसारखा. घाम येतो, आणि संडास लांब म्हणून कित्येक जण मुद्दाम पाणी कमी पितात. मी प्रत्येकाला लघवीच्या रंगांचा तक्ता दाखवतो आणि तेच ते ओरडतो, पाणी प्या.

परवा एकाला सलाईन लावलं होतं. तेवढ्यात बायकोचा फोन. मोकळ्या हातानं उचलून म्हणाला, "जेवायला बसलोय, मग करतो." मी शेजारी उभा राहून थेंब मोजत होतो.

तर, जुलैत चार दिवस मी व्हिडिओ कॉल केला नव्हता आणि नेटवर्क नाही म्हणालो होतो. नेटवर्क होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाण खराच होता, पाच मिलिमीटरचा. गोळ्या घेतल्या, पाणी ढोसलं, पडला. आता काही नाही. रडू नकोस आणि अंगाऱ्याच्या पुड्या पाठवू नकोस. हो, पीठ त्यासाठीच.

आप्पांच्या गुडघ्याच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध मात्र चुकूनही सामानात घालू नका. त्यात ट्रामाडॉल, कोडीन असलं नशा आणणारं औषध असलं आणि डॉक्टरांचा कागद नसला, तर विमानतळावर बिचारा तो अडकायचा.

रियालचा भाव चढेल म्हणून आठवडाभर थांबलो, चढला नाही. साठ हजार टाकलेत. चाळीस सोसायटीचे, वीस आप्पांच्या मोतीबिंदूचे. ऑपरेशन माझ्यासाठी लांबवू नका. नंतर डोळ्यात थेंब कसे घालायचे ते वेगळ्या कागदावर लिहिलंय, दादाला दोनदा वाचायला लाव. त्याचे हात स्वच्छ नसतात. मी असतो तर... असो, दादा घालेल.

दापोलीच्या मुलीचा फोटो तीनदा मिळाला. नाही म्हणत नाहीये. पण डिसेंबरात रजा नाही, मेमध्ये आहे, तीही अजून तोंडीच. एवढं ते थांबतील का, विचार. खड्याचंही त्यांना सांगून टाक, मागाहून बोल नको.

आपला,
बाळू

ता. क. गणपतीतल्या आरतीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकला. त्यात आप्पांचा आवाज नाही. तेव्हा तब्येत बरी होती ना? खरं सांग.