पांढरी दोनची शिट्टी

प्रिय दुकानातले आजोबा,

गॉलवेतल्या तुमच्या दुकानात आम्ही मायलेकी पहिल्यांदा आलो, त्याला आता वर्ष होईल. मराठीत लिहितेय, कारण आयर्लंडमध्ये नवीन आलेली आपली मंडळी मला सारखं विचारतात, "शाळेने टिन व्हिसल आणायला सांगितलीय, कुठून घेऊ?" (टिन व्हिसल म्हणजे उभी धरून वाजवायची, सहा भोकांची शिट्टी.) तुमच्यासाठी माझी लेक शनिवारी याचं इंग्रजी करून वाचून दाखवणार आहे.

शाळेच्या चिठ्ठीत नुसतं 'टिन व्हिसल' लिहिलं होतं. मी घरबसल्या एक मागवली. वर्गात सगळ्यांनी मिळून वाजवायला घेतलं की हिचाच स्वर खाली लागायचा. आठ दिवसांत पोरीने ती दप्तरातून काढणंच सोडलं.

तुम्ही मात्र आल्या आल्या नवीन काही दाखवलं नाहीत. "आधी ही वाजव," म्हणालात आणि ती भीत भीत वाजवत असताना कान देऊन ऐकलंत. मग तिला म्हणालात, "तू बरोबर वाजवतेस. ही शिट्टी सीची आहे, शाळेत डीची लागते." माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. सी म्हणजे आमच्या पेटीवरची पांढरी एक पट्टी आणि डी म्हणजे पांढरी दोन! तिचा चेहरा त्या एका वाक्याने कसा उजळला, ते मी विसरणार नाही.

मी थोडीफार बासरी वाजवते, म्हणून घरी मीच शिकवायला बसले होते आणि तिथेही घोळ घातला होता. बासरीत वरची तीन भोकं बंद केली की आमचा सा. शाळेत सहाही बंद केल्यावर सुरुवात. तुम्ही माझी बोटं बघितलीत आणि हसून म्हणालात, "तुमचंही बरोबर आहे, तुम्ही जीमध्ये वाजवताय." इथल्या पुष्कळशा धुना डी आणि जी या दोनच पट्ट्यांत असतात आणि एका शिट्टीत दोन्ही निघतात, हे तुम्ही वाजवून दाखवलंत. जीमध्ये लागणारा शुद्ध मध्यम वरचं भोक उघडं ठेवून खालची दोन झाकली की मिळतो. इतकी वर्षं मी तो अर्धं भोक झाकून काढत आले!

डीची शिट्टी घेतली, तीही किंचित चढी निघाली. तुम्ही आतून गरम पाण्याचा मग आणलात, तिचं प्लास्टिकचं तोंड त्यात बुडवून ठेवलंत. डिंक सैल झाल्यावर अलगद पिळून केसभर बाहेर ओढलंत, वाजवलंत, पुन्हा जरासं ओढलंत. दहा-बारा युरोंच्या वस्तूसाठी एवढा वेळ कोण देतं, आजोबा?

काचेच्या कपाटातली क्लार्कची शिट्टीही तुम्ही लेकीच्या हातात दिलीत. १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या सफोकच्या रॉबर्ट क्लार्कने पत्रा वळवून अशा शिट्ट्या करायला घेतल्या, हे तुमच्याकडूनच कळलं. तिच्या तोंडाशी लाकडाची खुंटी बसवलेली पाहून मला आमच्या जत्रेतलं अलगूज आठवलं. बांबूचं, पण फुंकर आत जाते ती अशाच खुंटीवरून. मी ते सांगितलं तर तुम्ही 'अलगूज' हा शब्द दोनदा म्हणवून घेतलात आणि वहीत लिहून ठेवलात.

आता तिचं सगळं लक्ष भिंतीवरच्या बौरान या आयरिश तालवाद्यावर आहे. आपल्या डफासारखंच बकऱ्याचं कातडं. मागून तळहात दाबून आवाज बदलायचा आणि दुसऱ्या हातातली छोटी काठी दोन्ही टोकांनी फिरवायची. मागच्या वेळी तुम्ही तिला तो अर्धा तास वाजवू दिलात आणि 'घेणार का?' असं एकदाही विचारलं नाहीत.

गणपतीत आमच्याकडे आरतीला तिने तुमच्या शिट्टीवर 'सुखकर्ता'ची चाल धरली. पांढरी दोनमध्येच, कारण पेटी वाजवणाऱ्या काकांनाही तीच पट्टी सोयीची पडली. त्याचं रेकॉर्डिंग शनिवारी घेऊन येतोय, आणि सोबत तुमच्यासाठी पुण्याहून मागवलेलं एक अलगूज.

तुमची ऋणी,
एका विद्यार्थिनीची आई