सर्टिफिकेट मिळालं, अंपायरिंग कधी शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शालेय स्पर्धांच्या बातम्या येतात, अमुक शाळेची बेसबॉलमध्ये बाजी वगैरे, वर मुलांचा फोटो आणि कडेला पीटीचे सर. अंपायर त्या फोटोत कधी नसतो, आणि नसला तरी काही बिघडत नाही म्हणा, कारण बऱ्याच वेळा अंपायर म्हणजे दुसऱ्या शाळेचे पीटीचे सरच असतात, नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी, कॉलेजात कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, होता म्हणून आदल्या रात्री फोन करून बोलावलेला. मी भोसरीला कंपनीत आहे, राहायला धायरीला, सुट्टी असेल तेव्हा मॅचला उभा राहतो. चहा, वडापाव आणि जमलं तर पेट्रोलचे पैसे. तक्रार त्याची नाहीये.

तक्रार सर्टिफिकेटची आहे. माझ्याकडे एक आहे, लॅमिनेट केलेलं. काही वर्षांपूर्वी एका संघटनेनं एक दिवसाचं पंच शिबिर घेतलं होतं, हॉलमध्ये, प्रोजेक्टर लावून. सकाळी दोन भाषणं, मग नियम वाचून दाखवले, दुपारी पुरी-भाजी आणि श्रीखंड, आता श्रीखंड खाल्ल्यावर बॉकचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं रनरला फसवणारी हालचाल करण्याचा, नियम कुणाच्या डोक्यात शिरणार, आणि शेवटी टिकमार्कचा पेपर, जो आम्ही सगळ्यांनी एकमेकांना विचारून सोडवला, मीही सोडवला, खोटं कशाला बोलू. चार वाजता सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, झालं. पूर्ण दिवसात कुणी एक बॉल टाकला नाही की कुणाला मास्क घालून प्लेटमागे, म्हणजे बॅटरजवळच्या होम प्लेटच्या मागे, उभं केलं नाही. विहिरीत न उतरता पोहण्याचा दाखला!

त्यानंतर दोनच महिन्यांत व्हायचं ते झालं. शाळांची मॅच, शेवटची इनिंग, बॅटिंगवाली टीम एका रननं मागे, एक आउट (तिसऱ्याला इनिंग संपते), पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर. पोरानं बॉल सरळ वर उडवला, शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या, डोक्यावर, लहान मूलसुद्धा झेलेल असा. इथे अंपायरनं बॉल हवेत असतानाच हात वर करून इनफिल्ड फ्लाय ओरडायचं असतं, म्हणजे झेल घेवो न घेवो बॅटर आउट आणि रनरना पळायची सक्ती नाही. हा नियम मला पाठ होता हो, पेपरात बरोबर आला होता. पण त्या क्षणी मी वर बॉल बघत बसलो, तोंडातून शब्दच फुटला नाही. शॉर्टस्टॉप चलाख, त्यानं बॉल मुद्दाम खाली पडू दिला, उचलून तिसऱ्या बेसला फेकला, तिथून दुसऱ्याला, झेल झाला तर आउट होऊ म्हणून दोन्ही रनर बेसजवळच थांबलेले, आणि झेल सुटला की पुढच्या बेसला पळावंच लागतं, म्हणून दोन थ्रोंत दोन आउट, मॅच खल्लास. नेमकी हीच लबाडी करता येऊ नये म्हणून तो नियम केलाय. मी बरोबर ओरडलो असतो तर फक्त बॅटर जाऊन एकूण दोनच आउट झाले असते, दोघं रनर जागेवर राहिले असते आणि पुढचा बॅटर आला असता. हरलेल्या टीमचे सर माझ्यावर चिडलेसुद्धा नाहीत, कारण त्यांनाही नियम नीट माहीत नव्हता, ही त्यातली अजून वाईट गोष्ट. मला घरी जाताना स्वारगेटच्या सिग्नलला कळलं मी काय केलं ते.

म्हणून म्हणतो, नियम पाठ असणं वेगळं आणि मैदानात वेळेवर तोंड उघडणं वेगळं. ही सवय असते, आणि ती कुणीतरी पन्नास वेळा बॉल वर उडवून लावावी लागते.

प्लेटमागचं घ्या. होम प्लेट 17 इंच रुंद, स्ट्राइक झोन, म्हणजे न मारलेला बॉल ज्यातून गेला तर स्ट्राइक द्यायचा ती जागा, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या खळगीपासून वर खांदे आणि पॅंटची वरची कड यांच्या मधोमधपर्यंत, हे वाक्य आम्ही सगळे म्हणू शकतो. पण उभं कुठे राहायचं? कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, डोकं कॅचरच्या वर, आणि बॉल येताना डोकं न हलवता फक्त डोळ्यांनी बॉल ग्लोव्हपर्यंत न्यायचा, मग क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. आपल्याकडे सगळ्यांची चूक एकच, घाई. बॉल अजून हवेत असतो आणि आपला हात वर गेलेला असतो, मग बॉल खाली डुबतो आणि आता हात कसा खाली घ्यायचा म्हणून तोच स्ट्राइक. अंपायरसाठी वेगळा मास्क, चेस्ट प्रोटेक्टर नसतो म्हणून बरेच जण पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, मागेच उभे राहतात, आणि तिथून गुडघ्याजवळचा बॉल वर होता की खाली हे देवालाही कळायचं नाही. मी स्वतः एक पूर्ण सीझन क्रिकेटचं हेल्मेट घालून काढलाय, हसा हवं तर. बेसबॉलचा बॉल क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडा हलका, साधारण 145 ग्रॅम, पण बॅटची कड लागून गळ्यावर बसला की वजन कुणी विचारत नाही.

पहिल्या बेसचं तर अजून गमतीशीर. तिथे रनरचा पाय आधी टेकला की बॉल आधी आला हे एकाच वेळी दोन्हीकडे बघून कळत नाही, म्हणून नजर बेसवर, पायावर, आणि बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानानं घ्यायचा. ही गोष्ट मला शिबिरात कुणी सांगितली नाही, एका जुन्या अंपायर काकांनी चहा पिताना सांगितली. आता आपल्या पुण्यात पावसाळ्यात मॅचेस आणि बाजूलाच ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस, तिथे ग्लोव्हचा आवाज काय घंटा ऐकू येणार! पथकांवर राग नाही, माझी पुतणी स्वतः ताशा वाजवते. पण मॅचची वेळ सकाळची ठेवा एवढं तरी आयोजकांना सुचावं.

आणि दोन अंपायर असले तरी कोण कुठे धावणार हे ठरलेलं नसतं. बॉल आउटफिल्डला गेला की बेसवाल्यानं आत येऊन वळायचं, रनर बेसला पाय लावतोय ना बघायचं, प्लेटवाल्यानं गरज पडली तर तिसऱ्या बेसकडे सरकायचं. हे काही अवघड नाही, पण दोघांनी मिळून मैदानावर चालून बघितलं पाहिजे. आपण दोघंही बॉलच बघत बसतो, प्रेक्षकांसारखे, आणि मग दोघांनी वेगवेगळा निर्णय दिला की पालक आत घुसतात.

कुणी म्हणेल चुका तर मोठेही करतात. करतातच की. 2 जून 2010 ला अमेरिकेत जिम जॉयस नावाच्या अनुभवी अंपायरनं आर्मांडो गालारागा या पिचरची परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर पोचू न देता 27 च्या 27 आउट, घालवली, 26 बॅटर ओळीनं आउट झाले होते आणि सत्ताविसाव्याला पहिल्या बेसवर यानं सेफ दिलं, रिप्लेमध्ये चक्क आउट. जॉयसनं मॅचनंतर रिप्ले बघितला आणि स्वतः चूक कबूल करून माफी मागितली. पण तो माणूस तिथपर्यंत वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये घासून आला होता, आणि आता तर तिथे रिप्ले आहे, 2026 च्या सीझनपासून बॉल-स्ट्राइकवरसुद्धा मशीनकडे दाद मागता येते. ऑगस्ट 2025 मध्ये जेन पावोल ही तिथल्या मेजर लीगची, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगची, पहिली महिला अंपायर झाली, तीही लगेच नाही, त्याआधी कितीतरी सीझन मायनर लीग करून. आणि हायस्कूलच्या मॅचला उभा राहणारा तिथला साधा माणूस, जो दिवसा नोकरी करतो, माझ्यासारखाच, त्यालाही बहुतेक राज्यांत संघटनेकडे दरवर्षी नाव नोंदवावं लागतं, नियमांची मीटिंग, परीक्षा द्यावी लागते. माझं सर्टिफिकेट मात्र तहहयात चालतं, सातबाऱ्यासारखं.

आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंगवाल्या टीमचाच अंपायर असायचा आणि वाइड द्यायचा नाही हे ठरलेलं असायचं, तेव्हा चालून गेलं. पण इथे जिल्हा, विभाग, राज्य असं वर जायचं असतं, पोरांच्या दहावी-बारावीच्या ग्रेस मार्कांचा प्रश्न असतो, एक रविवार बिघडला म्हणजे त्या मुलाचं वर्ष जाऊ शकतं.

माझं म्हणणं इतकंच की शिबिर दोन दिवसांचं करा, पहिला दिवस हवा तर हॉलमध्ये घ्या, पण दुसरा पूर्ण दिवस मैदानावर. बालेवाडीच पाहिजे असं नाही, कुठल्याही कॉलेजचं ग्राउंड, चुन्याची फक्की आणि चार पिचर पुरे. प्रत्येकाला प्लेटमागे निदान शंभर बॉल बघू देत, जुना अंपायर मागे उभा राहून सांगू दे की घाई केलीस, डोकं हललं. मोबाइलवर शूटिंग करून तिथल्या तिथे दाखवा, त्याला खर्च शून्य. जो मैदानात पास होईल त्यालाच सर्टिफिकेट, आणि दोन वर्षांनी परत, डोळे तपासून. माझंही रद्द करा, मी पहिला रांगेत उभा राहतो. पीटीच्या सरांनाही बोलवा, मुली कॉलेजात चांगल्या खेळतात त्यांना तर मुद्दाम बोलवा, खेळणं सुटलं की त्यांना मैदानावर थांबायला दुसरं निमित्त राहत नाही. आणि प्रत्येक तालुक्याला दोन मास्क, दोन चेस्ट प्रोटेक्टर, शिन गार्ड घेऊन ठेवा, मॅच असेल तिकडे न्यायचे आणि परत आणायचे.

यंदाच्या स्पर्धा सुरू व्हायला अजून वेळ आहे. संबंधितांपैकी कुणी हे पत्र वाचलं आणि एक रविवार ठरवला तर मी येतो, माझ्याकडे आता खराखुरा मास्क आहे आणि क्रिकेटचं ते हेल्मेटही आहे, दोघांची सोय होईल.

आपला,
एक हौशी अंपायर, धायरी, पुणे