ज्यांनी आमची वाइन कधी चाखली नाही, त्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे ते तुम्हाला विचारूनच. "नाव घालणार नसशील तर लिही," म्हणालात, म्हणून नाव घालत नाही. घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही विषय पाऊसपाण्यावर नेता, काकू चहा टाकतात आणि माझं बोलणं तसंच राहून जातं. ते आज पुरं करते.

आम्ही शिरोळ तालुक्यातले. खाली नदीकाठाला ऊस, वर माळाला आमचं अडीच एकर मुरमाड रान. द्राक्ष म्हणजे तासगाव-पलूसचं पीक, आपल्याकडे ऊसच, असं सगळेच म्हणायचे. 2019 च्या महापुरात खालचा ऊस कुजला आणि माळावरचं रान तेवढं कोरडं राहिलं, तेव्हा ह्यांनी आणि मी वाइनच्या द्राक्षाचं मनावर घेतलं. 2020 मध्ये खुंट लावले. पाण्यात क्षार असल्यामुळे खुंट डॉगरिज जातीचा घेतला आणि त्यावर शिराझ आणि शेनिन ब्लांक या वाइनच्या जातींची कलमं केली. ज्या नर्सरीतून काड्या आणल्या तिथून चार ओळी भलत्याच जातीच्या आल्या, त्या पुढे काढून टाकाव्या लागल्या. तेव्हा तुम्ही आमच्या आयुष्यात आला नव्हतात.

तुम्ही आलात ते जुलै 2021 च्या पुरात. पंचगंगेचं पाणी तुमच्या ओसरीला लागलं म्हणून तुम्ही आणि काकू आमच्या मळ्यावर राहायला आलात. गळ्यात तुळशीची माळ, हातात हरिपाठ. शेडमध्ये स्टीलच्या रिकाम्या टाक्या होत्या. त्या कशाच्या हे तुम्हाला सांगायला मी दोन दिवस धजले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच माझी वही उघडून बसलात. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढलेला माणूस तो! "ब्रिक्स लिहिलाय, पण तापमान कुठं हाय? तापमानाशिवाय ब्रिक्स म्हणजे तारखेशिवाय चिठ्ठी." ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. एवढंच बोललात. मला वाटलं होतं तुम्ही उठून जाल.

पहिला गाळप हंगाम फेब्रुवारी 2023 चा. तो आठवला की अजून छातीत धडधडतं. शेनिन पहाटे चारला तोडायला घेतलं, कारण ऊन चढलं की मणी तापतात आणि रस आधीच बिघडायच्या वाटेला लागतो. आठशे किलो माल, पाचशे लिटरच्या आसपास रस, ब्रिक्स 22. पाचव्या दिवशी आमची विजेची डी.पी. जळाली. रस थंड ठेवणारं यंत्र बंद. सोळा अंशांवर चाललेली टाकी संध्याकाळपर्यंत तेवीसवर गेली, कारण आंबताना रस स्वतःच तापतो. हे जयसिंगपूरला बर्फाच्या कारखान्यात धावले. तुम्ही सत्तरीत, रात्री नऊला स्कूटरवरून आलात. गोणपाटं भिजवून टाकीला गुंडाळली, दर अर्ध्या तासाला त्यावर बर्फाचं पाणी सोडलं, शेजारी पंखा आणि जनरेटर लावला. रात्रभर तुम्ही हातात थर्मामीटर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर. मला टाकीत वाकून बघू दिलं नाहीत. "आंबताना निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. मळीच्या टाकीत वाकलेली माणसं मी परत आलेली बघितली न्हाईत." शेडची सगळी दारं, भिंतीतली खालची झडपसुद्धा उघडी ठेवायला लावलीत. पहाटे पारा अठरावर आला, तेव्हा तुम्ही हरिपाठ म्हणत तोंड धुवायला गेलात.

पुढे आणखी एक घोर लागला. थेंबभर रसावरून ब्रिक्स दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा साडेसातला अडकला आणि दोन दिवस हलेना. मला वाटलं, आंबणं मध्येच थांबलं, साखर तशीच राहिली. मी अजून यीस्ट टाकायला निघाले होते. तुम्ही हात धरलात. अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो, हे मी वाचलं होतं, पण आपल्याच टाकीपुढे उभं राहिल्यावर वाचलेलं सुचत नाही. तुम्ही पिशवीतून कापसात गुंडाळलेला कारखान्याच्या काळातला हायड्रोमीटर काढलात, 0 ते 10 ब्रिक्सचा. काचेच्या उंच नळीत वाइन ओतली, गॅस निघून जावा म्हणून ती दोन-तीनदा या नळीतून त्या नळीत केलीत, मग हायड्रोमीटर अलगद सोडलात. साखर जितकी कमी, तितका तो खोल बुडतो. तो शून्याच्या खुणेच्याही खाली बुडाला. साखर संपली होती. वाइन तयार झाली होती! मला रडू आलं. तुम्ही वहीत वेळ, तापमान आणि "शून्याखाली" असं लिहून सही केलीत. लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल, हा हिशेब तुम्ही त्याच पानाच्या कडेला मांडून दाखवला. बारा-साडेबारा टक्के.

शिराझच्या वेळी मात्र मी तुमचं ऐकलं नाही. "टाकी काठोकाठ भर, न्हाईतर लहान भांड्यात काढ," तुम्ही दोनदा सांगितलंत. मी दीडशे लिटर वाइन तीनशेच्या टाकीत ठेवून लग्नाला गेले. वरच्या मोकळ्या हवेत तिला आंब चढली. झाकण उघडलं तर आधी नेलपॉलिशचा आणि मग व्हिनेगरचा वास. त्या दिवशी तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं विचारलंत, "पीएच किती होता?" 3.8. पीएच जितका जास्त, तितकी आंबटाई कमी. मग खडूने शेडच्या भिंतीवर लिहून समजावलंत की वाइन बिघडू नये म्हणून पीएच 3.4 ला जेवढं सल्फर पुरतं, त्याच्या दुपटीहून जास्त 3.8 ला लागतं. कारखान्यात तुम्ही उसाच्या रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो निवळवत होतात. गंधकाशी तुमची जुनी ओळख. खडूचं ते लिखाण मी रंगारी आल्यावरही पुसू दिलं नाही.

बँकेच्या, परवान्याच्या खेपांचं लिहीत नाही, त्या सगळ्यांच्याच वाट्याला येतात. शासनाचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चं, पलूसला वाइन पार्क झालं त्यालाही बरीच वर्षं लोटली, तरी आपल्या भागात कुणी लहान वायनरी म्हटलं की कपाळाला आठी पडते. पण गावातल्या त्या बैठकीचं लिहायलाच हवं. दारूचा कारखाना नको म्हणून लोक देवळात जमले होते. त्यांचं मला खोटं वाटलं नाही. दारूने मोडलेली घरं आपल्या गावातही आहेत. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही उठलात. "माझ्या गळ्यात माळ हाय. मी पिणार न्हाई आणि कुणाला पी म्हणणारबी न्हाई. पण ही पोरगी परवाना काढून, कर भरून, दार उघडं ठेवून करतीया. कुणीबी येऊन वही बघावी." ज्या माणसाच्या कीर्तनाला गाव बसतं, तो माझ्या वहीची ग्वाही देत होता. तुम्हाला त्यासाठी मागून काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते काकूंनी मला नंतर सांगितलं. तुम्ही कधीच बोलला नाहीत.

लोक मला विचारतात, चव न घेता तुम्हाला कसं कळतं? मी त्यांना सांगते, तुम्ही पेला नाकाशी धरता, डोळे मिटता आणि "कच्च्या पेरूचा वास येतोय, बरं चाललंय" म्हणता, आणि बरंच चाललेलं असतं. आजवर एक थेंब तुमच्या ओठाला लागलेला नाही, आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही. म्हणून पहिल्या तोडणीचा एक घड न गाळता तुमच्या विठ्ठलापुढे येतो. वाइनचे मणी बारीक, बियांचे, जाड सालीचे. काकू तरी ते कौतुकाने वाटतात.

काका, माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. रात्री खुर्ची टाकून माझ्या कामापाशी बसणारं माणूस मला पुन्हा मिळेल असं वाटलं नव्हतं. मी तुमची फार ऋणी आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर यंदा केवडा रोग आटोक्यात राहिला, घड चांगले लागलेत. तोडणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धरली आहे. तुमचा हायड्रोमीटर माझ्या कपाटात त्याच कापसात आहे, आणि नवी वही आणून पहिल्या पानावर तापमानाचा रकाना आधी आखला आहे. स्कूटर काढू नका, थंडी असते. पहाटे साडेतीनला ह्यांना गाडी घेऊन पाठवते.

तुमची,
माळावरची पोरगी