कामाच्या मांडणीकडे आमचं लक्ष वळवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य जपण्यासाठी तुम्ही दिलेली पत्रकं, प्रश्नांचे नमुने आणि समासातल्या तुमच्या पेन्सिलीच्या सूचना आता आमच्या रोजच्या कामात मुरल्या आहेत. त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण तुम्ही जे दिलंत ते कुठल्याही कचेरीला, कारखान्याला, रुग्णालयाला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी आभार क्रमाबद्दल. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी ध्यानाचं सत्र किंवा एखादं प्रेरणादायी भाषण ठरतं. कामाचा रगाडा तसाच राहतो आणि माणसाला खंबीर व्हायला सांगितलं जातं. तुम्ही पहिल्या दिवसापासून आम्हाला कामाकडे बघायला लावलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला, लांबत गेलेला ताण हे त्याचं मूळ. थकून रिकामं होणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. कारण कामात असेल तर पहिला उपायही तिथेच शोधायला हवा, हे तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलेलं आहे.

शोधायचं कुठे, यासाठी तुम्ही ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या, कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने मांडलेल्या सहा बाजू वापरायला दिल्यात : कामाचा भार, कामावरचा स्वतःचा ताबा, मिळणारा आधार, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची पद्धत. त्यांची ३५ प्रश्नांची तयार प्रश्नावली आहे, त्यामुळे स्वतःचे प्रश्न घडवण्यात महिने घालवावे लागत नाहीत.

भाराबद्दल तुम्ही शिकवलेली वजाबाकी सगळ्यांत मोलाची ठरली. ४० तासांचा आठवडा धरायचा. त्यातून ठरलेल्या मीटिंगांचे समजा ७ तास काढायचे, मेल, निरोप आणि फोनचे ५, अचानक उपटणाऱ्या कामांचे ४, नव्या माणसाला शिकवण्याचे २. उरले २२. म्हणजे ज्याच्या नावावर ४० तासांचं काम टाकलं, त्याच्या आठवड्यात १८ तासांची तूट सोमवारी सकाळीच तयार असते. ती रात्री किंवा सुटीच्या दिवशी भरून निघते, किंवा निघतच नाही आणि माणूस स्वतःला आळशी समजू लागतो. प्रत्येक टीमचे आकडे वेगळे येतात, म्हणून दोन आठवडे दिवसअखेर चार रकान्यांत अंदाजे तास लिहायचे, एवढंच. मिनिटामिनिटाचा हिशेब मागायचा नाही. आणि ही नोंद अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, कधीही वापरायची नाही. एकदा वापरली की पुढच्या वेळी नोंदच खोटी येते.

भाराच्या पत्रकातला शेवटचा रकाना, ‘हे काम घेतलं तर कोणतं थांबणार?’, तो वरिष्ठानेच भरायचा ही तुमची अट आम्ही काटेकोरपणे पाळतो. तिथे ‘सगळंच महत्त्वाचं’ असं लिहून मोकळं होण्याची सवय फार लवकर लागते. मग निवड करण्याचं ओझं टीममधल्या सगळ्यांत कनिष्ठ माणसावर जातं आणि काही राहिलं की जबाबदारही तोच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला आकडा तुम्ही वरिष्ठांच्या बैठकीत ठेवलात, तोही योग्य जागी होता : आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक. जादा तासांना निष्ठा म्हणून शाबासकी देणं थांबवायला हा आकडा पुरेसा आहे.

ताब्याचा मुद्दा आमच्यापैकी अनेकांना नवा होता. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की खूप मागणी आणि हातात काहीच नाही, ही जोडगोळी माणसाला सगळ्यांत जास्त पोखरते. भार कमी करणं दर वेळी शक्य नसतं. ताबा वाढवणं बहुतेक वेळा शक्य असतं आणि त्याला खर्चही फारसा नाही. दिवसातल्या कामांचा क्रम स्वतः लावणं, सुटीची वेळ स्वतः निवडणं, पद्धत सुचवणं, वरिष्ठाला न विचारता सहकाऱ्याशी पाळी बदलून घेणं. पाळ्यांच्या कामात तुम्ही तीन गोष्टींवर ठाम होतात : वेळापत्रक किमान दोन आठवडे आधी लावायचं, दोन पाळ्यांमध्ये निदान ११ तासांचं अंतर ठेवायचं, आणि पाळी बदलायची तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढच्या दिशेने, कारण उलट्या फिरतीशी शरीराला जुळवून घेणं जड जातं.

भूमिकेबाबत फार लिहीत नाही. माझं काम कोणतं, निर्णय कोणाचा, आणि दोन वरिष्ठांनी एकाच दिवशी दोन कामं मागितली तर आधी कोणाचं, हे अर्ध्या पानावर लिहून दिलं की निम्मी धुसफुस तिथेच मिटते.

सर्व्हे कसा करायचा आणि कसा करू नये, यावर तुम्ही घालवलेल्या वेळाबद्दल वेगळे आभार. नाव विचारलं नाही म्हणजे गुप्तता पाळली गेली, असा समज सर्वत्र असतो. विभाग, वय, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं हे चारही प्रश्न विचारले की छोट्या विभागातली व्यक्ती सहज ओळखू येते. म्हणून दहापेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा निकाल वेगळा काढायचा नाही, तो मोठ्या गटात मिसळायचा. मोकळ्या जागेत लिहिलेला मजकूर जसाच्या तसा वरिष्ठांना द्यायचा नाही. लिहिण्याच्या लकबीवरून माणूस कळतो. त्याचा सारांश बाहेरच्या व्यक्तीने करायचा. नंतर सहा ते आठ जणांचे गट करून, त्यांचा थेट वरिष्ठ खोलीत नसताना, दीड तास बोलायचं, कारण आकडा कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही.

निकाल चार आठवड्यांच्या आत सगळ्यांसमोर ठेवायचा. त्यातून दोन किंवा तीनच बदल निवडायचे, प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव आणि तारीख. जे जमणार नाही त्याचीही यादी लावायची, कारणासकट. ही दुसरी यादी लावायला व्यवस्थापन कचरतं, पण लोकांचा विश्वास बहुतेक वेळा तिच्यावरच बसतो. सर्व्हे भरून घेतला आणि पुढे काहीच हललं नाही, तर न केलेल्या सर्व्हेपेक्षा जास्त नुकसान होतं. पुढच्या वेळी उत्तरं येत नाहीत किंवा सगळ्यांची उत्तरं ‘ठीक’ अशी येतात.

टीमलीडसाठी तुम्ही बसवलेली दर पंधरवड्याची अर्ध्या तासाची भेट आता नियमित होते. ती रद्द करायची नाही, फार तर त्याच आठवड्यात पुढे ढकलायची. ‘कसं चाललंय?’ला ‘बरं चाललंय’ याखेरीज उत्तर मिळत नाही, म्हणून तुम्ही तीन प्रश्न दिलेत. या पंधरवड्यात कोणतं काम मध्येच सोडावं लागलं? कोणाच्या उत्तरासाठी अडून बसावं लागलं? माझ्यामुळे कोणतं काम वाढलं? तिसरा प्रश्न विचारून गप्प राहणं अवघड जातं. तरी गप्प राहायचंच, आणि जे ऐकू येईल त्याचं समर्थन त्या भेटीत करायचं नाही.

वाईट बातमी ऐकण्याची रीत तर तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलीत. समजा, कुणी येऊन सांगितलं की ग्राहकाला चुकीची रक्कम लावलेलं बिल गेलं. वरिष्ठाच्या तोंडून पहिलं वाक्य : ‘लगेच सांगितलंत, बरं केलंत.’ दुसरं : ‘आत्ता ते कुठपर्यंत पोहोचलंय?’ तिसरं : ‘थांबवायला तुम्हाला माझ्याकडून काय लागेल?’ चूक कोणत्या टप्प्यावर झाली हा प्रश्न सगळं निस्तरल्यावर, आणि तिथेही आधी टप्पा तपासायचा, माणूस नंतर. पहिल्या दहा सेकंदांत कपाळाला आठी पडली तर पुढची चूक टेबलाखाली जाते. संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करताना दिसलं होतं की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. म्हणून तुम्ही वरच्या मंडळींना आधीच बजावून ठेवलंत की सुरुवातीच्या महिन्यांत तक्रारी आणि चुकांचे आकडे वाढतील, ते बघून घाबरून हा उपक्रम बंद करू नका. ही पूर्वसूचना नसेल तर असे उपक्रम नेमके त्याच वळणावर गुंडाळले जातात.

आधाराबद्दल बोलताना तुम्ही टीमलीडची हद्द आखून दिलीत. त्याने लक्ष ठेवायचं, विचारायचं, ऐकायचं, योग्य मदतीपर्यंत पोहोचवायचं. निदान करायचं नाही, सल्ल्यांचा भडिमार करायचा नाही. बघायचं ते त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यातला फरक. शांत स्वभावाचा माणूस शांत असणं ही खूण नव्हे. बोलायचं ते एकांतात, डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीपासून : ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही मीटिंगमध्ये बोलला नाहीत, एरवी तुमचं मत असतं. काही जड जातंय का?’ आणि कुणाच्या बोलण्यात जगणं नकोसं झाल्याचा सूर आला, तर आत्महत्येचे विचार येतात का हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही आणि त्याच वेळी तज्ज्ञांची मदत जोडून द्यायची. हा भाग तुम्ही टाळला नाहीत, याचं मोल फार मोठं आहे.

समुपदेशनाची सोय असूनही लोक का जात नाहीत, याचं तुम्ही दिलेलं उत्तर साधं होतं : आपलं बोलणं कुठपर्यंत जाईल हे त्यांना माहीत नसतं. कंपनीला फक्त एकूण भेटींची संख्या कळेल, नावं आणि विषय कळणार नाहीत, आणि जिवाला धोका असेल तरच गुप्ततेला अपवाद होईल, हे तीन ओळींत लिहून लावायचं. भेटीची वेळ ऑफिसच्या कॅलेंडरमधून घ्यावी लागू नये, हेही तितकंच गरजेचं. छळाच्या तक्रारीलाही दोन वाटा हव्यात, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावरून एकमेव वाट जात असेल तर तिचा काही उपयोग नाही.

शेवटी, दीर्घ रजेवरून परतणाऱ्यांविषयी. या बाबतीत सदिच्छा भरपूर असते आणि तयारी शून्य. तुमच्या पत्रकाप्रमाणे आता परतण्याच्या आठवडाभर आधी बोलणं होतं : सहकाऱ्यांना काय सांगायचं आणि काय नाही, ते ती व्यक्ती ठरवते. सुरुवात अर्ध्या वेळेपासून, मग साधारण चार ते सहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने पूर्ण वेळ, आणि दर आठवड्याला आढावा. सर्वाधिक घोळ इथे होतो तो असा की तास अर्धे केले जातात, कामं मात्र पूर्ण ठेवली जातात. म्हणून तासांसोबत कामांची यादीही कापायची आणि रजेच्या काळात साठलेले मेल दुसऱ्या कुणीतरी आधीच निवडून ठेवायचे, म्हणजे पहिली सकाळ न वाचलेल्या शेकडो मेलसमोर जात नाही.

नव्या टीमलीडच्या पहिल्या महिन्याच्या प्रशिक्षणात ही सगळी पत्रकं आम्ही समाविष्ट केली आहेत, तुमच्या समासातल्या सूचनांसह. पाळ्यांच्या पत्रकात रात्रपाळीनंतरच्या सुट्यांचा रकाना वाढवायचा आमचा विचार आहे. कच्चा नमुना वेगळा पाठवतो आहोत. सवडीने बघून त्यावर पेन्सिल चालवावी, ही विनंती.

आपले ऋणी,
मनुष्यबळ विभाग आणि सर्व टीमलीड