स्वेटरला कात्री लावू का?

पुणे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नका, आत बँकेचं काही नाही. तळहाताएवढे विणलेले दोन तुकडे आहेत. ते आधी बाहेर काढून टीपॉयवर ठेवा आणि मग पुढचं वाचा. हे काम फोनवर होण्यातलं नव्हतं. स्पीकर लावला की तुम्ही दोघं एकदम बोलता. बाबा म्हणतात चेन लाव, आई म्हणते चेनबिन काही नको, आणि मी फोन ठेवते तेव्हा बाबांचा अर्धवट स्वेटर होता तिथेच असतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्यामुळे आईने चष्म्याची सबब सांगू नये.

दिवाळीत नाशिकहून पिशवीत भरून आणलं ते असं: पाठ पूर्ण. पुढचा भाग खांद्यापर्यंत आलेला, गळ्याचे टाके पिनेवर. डावी बाही मनगटाची पट्टी सोडून पूर्ण. उजवी कोपरापर्यंत, तिथे आईच्या अंगठ्याने संप पुकारला. लोकर उरली आहे पन्नास ग्रॅमचा दीड गुंडा. लेबल घेऊन तुळशीबागेत गेले. रंगाचा नंबर तोच मिळाला, पण लॉट वेगळा. दुकानातल्या ट्यूबखाली दोन्ही गुंडे जुळे भाऊ वाटत होते, बाहेर उन्हात धरले तर नवा राखाडी चक्क निळ्याकडे झुकलेला. घेतला नाही. दीड गुंड्यात उजवी बाही नक्की होते. पट्ट्या, गळा आणि मनगटं कॉफी रंगात करते. लोकर कमी पडली हे कुणाला कळणार नाही, डिझाइनच आहे म्हणायचं.

बाही मी सुरू केलीसुद्धा. आई, तुझा हात घट्ट आणि माझा सैल, हे तू मला शाळेपासून ऐकवत आली आहेस. मोजून पाहिलं: तुझ्या विणीत दहा सेंटीमीटरमध्ये 24 टाके बसतात. त्याच 10 नंबरच्या सुयांवर माझे 22च. मग 11 नंबरच्या बारीक सुया घेतल्या, तेव्हा जमलं. तरी कोपराजवळ तुझा हात कुठे संपला ते दिसतंच. पण कोपरावर कोण बघतंय!

आता खरा प्रश्न. बाबा, हे तुम्हाला.

गेल्या जानेवारीत तुम्ही तो जुना मरून स्वेटर डोक्यातून घालत होतात. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, डोकं आत, एक बाही लोंबतेय, आणि आतून तुमचा आवाज, ‘आज निफाडला किती आहे गं?’ आई हसून हसून ओट्याला टेकली होती, मीही हसले. पण त्यानंतर चार दिवस तिथे होते, तर तुम्ही रोज सकाळी शाल गुंडाळून फिरायला गेलात. थंडी कमी झाली म्हणून नव्हे. तो स्वेटर घालायला आणि काढायलाही आईला हाक मारावी लागली असती, आणि ती हाक तुम्हाला मारायची नव्हती. इतकं मला कळतं. म्हणून हा स्वेटर डोक्यातून घालायचा नको, पुढून उघडा हवा. एक हात घातला, पाठीमागून ओढला, दुसरा घातला, झालं.

अडचण एवढीच की आईने पुढचा भाग अखंड विणलाय. तो उसवून दोन भागांत पुन्हा विणायचा, हा सरळ रस्ता. दुसरा रस्ता म्हणजे मधोमध कात्री. थांब आई, ओरडू नकोस. शेटलंडच्या बेटांवर आणि नॉर्वेत बायका नक्षीचे स्वेटर नळीसारखे गोल विणतात आणि मग सरळ कापून पुढून उघडतात, पिढ्यान्‌पिढ्या. तिकडची मेंढीची लोकर खरबरीत, धागे एकमेकांना धरून राहतात. आपली पडली ॲक्रिलिक, गुळगुळीत. म्हणून एक तुकडा विणून नुसताच कापून पाहिला. कडेला ओढलं तर टाके एकेक करून सुटायला लागले. दुसऱ्या तुकड्यावर सासूबाईंच्या मशीनवर कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टिपा मारल्या आणि मग कापला. हाताने ओढला, गरम पाण्यात चोळला, एक धागा हलला नाही. फक्त टीप मारताना वीण ताणू द्यायची नाही, नाहीतर कड पापडासारखी लाटा मारते. माझी पहिली तशीच झाली.

पुढच्या भागावर तू विणलेल्या नक्षीच्या दोन वेण्यांच्या मध्ये नऊ सुलट टाके आहेत. कापायचं ते पाचव्यावर. वेण्यांना धक्का लागत नाही. उसवलं तर त्या दोन्ही मला पुन्हा घालाव्या लागतील, आणि त्या माझ्या सैल हाताच्या होतील. मला त्या तुझ्याच हव्या आहेत. कापलेली कड आत दुमडून त्यावर पट्टी येईल. पट्टीचे टाके तू शिकवलेस तसेच, तीन उचल, एक सोड.

आता टीपॉयवरचे तुकडे घ्या. एकाला बटणं आहेत, एकाला चेन. बाबा, चष्मा उतरवा आणि दोन्ही लावून-उघडून पाहा. जॅकेटसारखी चेन छान दिसते, कबूल. पण खालचं टोक खोबणीत बसवायला दोन्ही हात लागतात आणि खाली बघावं लागतं, शिवाय विणीवर चेन फुगते. बटणं रुपयाच्या नाण्याएवढी घेतली आहेत, काजं थोडी मोठी. टिचबटणांचा विचारही करू नका, उघडताना वीण ओढली जाते. माझं मत बटणांना आहे हे लपवत नाही, पण घालणारे तुम्ही. चेन सोपी वाटली तर चेन लावीन आणि आईची समजूत मी काढीन.

बाह्या नेहमीपेक्षा दोन बोटं आखूड ठेवतेय. झाडांना पाणी घालताना तुमची मनगटं कायम ओली असतात.

आई, एक विनंती. स्वेटर आला की त्यावर इस्त्री फिरवायची नाही. माझ्या पिवळ्या स्वेटरची बॉर्डर आठव, गरम इस्त्रीखाली कशी चपटी होऊन मेली ती.

सोबत तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आहे. त्यात तीन गोष्टी टाका: जिंकलेला तुकडा, आईचं ‘काप’ किंवा ‘उसव’, आणि बाबांच्या छातीच्या मापाचा दोरा, गाठ मारून. माप आईनेच घ्यावं, बाबा बोलत असताना. गप्प उभे राहिले की ते पोट आत ओढतात.

तुमची,
धाकटी